अडतिसावा दिवस

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजत घातलं आणि मग कॅलेंडर बघितलं. आधी कॅलेंडर बघायला हवं होतं, हे मान्य.

तारीख होती २१ फेब्रुवारी. भेंडी पेरल्यावर ५ ते ७ दिवसांत उगवते, ३५-४० दिवसांनी फुलं धरते आणि ४५ ते ५० दिवसांत पहिली तोडणी मिळते. म्हणजे ७ ते १२ एप्रिलच्या दरम्यान. माझं लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट संपतं ३१ मार्चला. त्या दिवशी माझ्या भेंडीचा अडतिसावा दिवस असेल. मी टेम्पोत गाद्या चढवत असेन तेव्हा तिला पहिलं पिवळं, मध्ये गडद लाल ठिपका असलेलं फूल आलेलं असेल. त्या फुलाची भेंडी व्हायला आणखी आठवडा लागेल, आणि तो आठवडा माझ्याकडे नाही.

यात कुणाचा दोष नाही. मालकांना हे घर त्यांच्या मुलीसाठी हवंय. त्यांनी दोन महिने आधी नीट सांगितलं, डिपॉझिटबद्दलही काही वाद नाही. मुलुंड पूर्वेला जुन्या बिल्डिंगमधलं तळमजल्याचं घर, मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चार-साडेचार फुटांची मातीची पट्टी. त्या पट्टीत बांधकामाचा जुना राबिट, विटांचे तुकडे आणि बदामाची पानं. गेले दहा महिने मी त्यातला राबिट वेचून काढतेय आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा बादलीत कुजवून तिथे मिसळतेय. आता कुठे ती माती हातात घेतल्यावर मातीसारखी लागते.

शेजारच्या काकू खिडकीतून बघत होत्या.

"काय गं, आता कसलं पेरतेयस? महिन्याभरात जायचंय ना तुला?"

"हो काकू. भेंडी."

"मग खाणार कोण?"

मी हसले आणि भिजलेलं बी वाटीतून निथळत राहिले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण तो फक्त भेंडीचा नव्हता. जिथे आपण राहणार नाही, जे आपलं नाही, तिथे पेरावं का? आणि पेरलंच, तर त्या पेरण्याने आपला कसला तरी हक्क तयार होतो का, की जाताना तोही दाराशी चपलांच्या जागी सोडून जायचा?

*

हा प्रश्न मला रोज ट्रेनमध्ये दिसत आलाय, फक्त तो प्रश्न आहे हे कळायला माझ्या स्वतःच्या हातात बी यावं लागलं.

सेंट्रलच्या स्लो लोकलने मुलुंडहून घाटकोपरकडे येताना दाराशी उभं राहिलं की काही ठिकाणी रुळांच्या कडेला हिरवे वाफे दिसतात. पालक, लाल माठ, मुळा, मेथी, कुठे अळू. आता ते पूर्वीइतके राहिले नाहीत. नवी मार्गिका आली, भिंत आली, कुठे स्टेशनचं काम निघालं की एक-एक पट्टा जातो. पण अजून कधीतरी सकाळी गाडी सिग्नलला थांबते आणि दोन हातांवर एक माणूस उकिडवा बसून मेथीचं बी फेकताना दिसतो. मुठीतून, मनगटाला हलका झटका देत. मग तळव्याने वरची माती विसकटतो. बाजूने फास्ट लोकल धडधडत जाते, त्याचा शर्ट फडफडतो, तो मान वर करत नाही.

या वाफ्यांमागे एक जुनी सरकारी कल्पना आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या हातात गेला, तिथून येणारा तांदूळ बंद झाला आणि १९४२-४३ मध्ये सरकारने 'अधिक धान्य पिकवा' अशी मोहीम काढली. रिकामी दिसेल ती जमीन लागवडीखाली आणा, हा तिचा गाभा. ती मोहीम गेली, पण नाव आणि कल्पना रेल्वेत टिकली. रुळांकडेची मोकळी जमीन रेल्वे आपल्या कर्मचाऱ्यांना थोड्या पैशात लायसन्सवर भाजी लावायला देत आली. यात रेल्वेचाही फायदा होता: जिथे वाफा आहे तिथे झोपडी उभी राहत नाही. लायसन्स कर्मचाऱ्याच्या नावावर असतं. वाफ्यात राबणारा माणूस बरेचदा तिसराच असतो, गावाकडून आलेला, ज्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही.

म्हणजे जमीन एकाची, परवाना दुसऱ्याचा, घाम तिसऱ्याचा, आणि भाजी आपल्या ताटात.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. त्या वाफ्यांत काय दिसतं, याच्याइतकंच काय दिसत नाही हेही बोलकं आहे. पालक, मेथी, माठ ही २५-३० दिवसांत हाताशी येणारी पिकं. मुळ्याला थोडे जास्त दिवस. तिथे कुणी शेवगा लावत नाही, लिंबू लावत नाही, आंबा तर नाहीच. माती नसते म्हणून नव्हे, दिवसांची खात्री नसते म्हणून. उद्या उठवलं तर एका महिन्याचंच नुकसान व्हावं, असा तो हिशोब आहे. ज्याच्या पायाखालची जमीन पक्की नाही तो बी निवडतानाच आपला काळ कापून घेतो.

आणि हे मला फारच ओळखीचं वाटलं. ११ महिन्यांच्या घरात मी भिंतीला खिळा ठोकत नाही. पुस्तकांचं कपाट घेत नाही, फोल्डिंगचं रॅक घेते. शेजाऱ्यांशी ओळख वाढवताना कुठेतरी मनात असतं की पुढच्या वर्षी इथे नसणारच. कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी, सहा महिन्यांचा प्रोजेक्ट, 'बघू कसं जमतंय' म्हणून सुरू केलेलं नातं. आपल्यापैकी बरेच जण पालकवाले झालोत. ३० दिवसांत जे येईल तेवढंच लावायचं. याला लोक आमच्या पिढीची चंचलता म्हणतात. मला वाटतं, तो त्या वाफ्यातल्या माणसाचाच हिशोब आहे.

*

महाराष्ट्रात या प्रश्नाचं एक जुनं, दणदणीत उत्तर आहे: कसेल त्याची जमीन.

ते नुसती घोषणा म्हणून राहिलं नाही. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा, त्यात पुढे झालेली मोठी दुरुस्ती, आणि मग १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन'. त्या दिवशी कसणारं कूळ हे जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. कित्येक घरांमध्ये आजही आजोबांच्या सातबाऱ्याची गोष्ट या तारखेपासून सुरू होते. पण सरकारच्या मालकीच्या जमिनी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होत्या. आणि योगायोग असा की त्याच १९५७ साली मुलुंड आणि दहिसरपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. एका बाजूला कसणाऱ्याला जमीन मिळत होती, दुसऱ्या बाजूला शेतं असलेली ही उपनगरं शहर होत होती. शहरात जमिनीचा भाव तिच्यातून काय उगवतं यावर ठरत नाही, तिच्यावर किती मजले चढतात यावर ठरतो.

तत्त्वज्ञानात याच विचाराचा दुसरा धागा जॉन लॉककडे सापडतो. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात तो म्हणतो ते थोडक्यात असं: माणसाचे श्रम त्याचे स्वतःचे असतात, आणि निसर्गातल्या एखाद्या वस्तूत त्याने आपले श्रम मिसळले की ती त्याची होते. पण तो एक अटही घालतो. इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलेलं असलं पाहिजे.

ही अट वाचली आणि मला माझी चार फुटांची पट्टी आठवली. मुंबईत इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं काय उरलंय? लॉकच्या हिशोबाने इथे कुणाचीच मालकी टिकणार नाही. आणि 'कसेल त्याची जमीन' माझ्या बाबतीत म्हणणं तर हास्यास्पद आहे. मी दहा महिने राबिट वेचला, म्हणून ती पट्टी माझी? ती तर मालकांचीही नाही. फ्लॅट त्यांचा, पट्टी सोसायटीची. सेक्रेटरी काकांनी एकदा हे मला हसत हसत सांगितलंय: "कोणी काही बोलत नाही तोपर्यंत लाव."

रुळांकडच्या माणसाचं काय? तो दहा-पंधरा वर्षं तीच माती परतवत असेल, तर त्याचा दावा माझ्यापेक्षा कितीतरी भारी आहे. तरीही ती जमीन त्याच्या नावावर करा, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. उद्या तिथून जादा लोकल धावणार असतील, तर डब्यात दाराला लटकणाऱ्या माझ्यासारख्या लाखोंचाही काही हक्क त्या पट्ट्यावर आहेच.

म्हणजे एका टोकाला 'पेरलं म्हणजे माझं' आणि दुसऱ्या टोकाला 'कागद नाही म्हणजे तुझं काहीच नाही'. दोन्ही उत्तरं मला चुकीची वाटत होती, पण मधलं काय ते सापडत नव्हतं.

*

ते मला सापडलं चक्क कायद्याच्या एका कोपऱ्यात. अ‍ॅग्रीमेंट संपताना नेमके काय हक्क असतात, हे बघायला गेले होते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८ मध्ये भाडेकरूच्या हक्कांची यादी आहे. त्यातलं एक असं: भाडेपट्टा किती काळ चालेल हे नक्की नसेल आणि भाडेकरूच्या चुकीशिवाय तो संपला, तर त्याने पेरलेलं जे पीक त्या वेळी जमिनीत उभं असेल ते त्याचं. ते काढून न्यायला त्याला जमिनीवर ये-जा करता आली पाहिजे. तो मेला असेल तर त्याच्या वारसांना. जमीन परत गेली, पण उभं पीक गेलं नाही.

त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात लायसन्सची व्याख्या आहे, ज्यावरून आपलं 'लिव्ह अँड लायसन्स' येतं. लायसन्स म्हणजे फक्त परवानगी. जागेत कसलाही हितसंबंध त्यातून तयार होत नाही. पण तिथेही कलम ६३ म्हणतं की परवानगी काढून घेतली तर माणसाला जागा सोडायला आणि तिथे ठेवू दिलेलं आपलं सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. सामान हलवता येतं. उगवलेली भेंडी हलवता येत नाही, तिचं सोटमूळ दुखावलं की ती मान टाकते. म्हणून माझी केस त्या कलमात नीट बसत नाही, आणि माझी तारीख तर पहिल्यापासून ठरलेली होती. मी काही कोर्टात जाणार नाहीये. मला फक्त त्या कलमांमागचा विचार हवा होता.

ब्रिटनमध्ये तो विचार आणखी स्पष्ट दिसतो. तिथे शहरातल्या लोकांना भाजी लावायला जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने मिळतात, त्यांना अलॉटमेंट म्हणतात. थंडी सरली की वसंतात लोक तिथे उघड्यावर बी पेरतात. १९२२ च्या तिथल्या कायद्यानुसार अशा भाजीवाल्याला नोटीस देऊन उठवायचं असेल तर ती नोटीस ६ एप्रिल किंवा त्याआधी, नाहीतर २९ सप्टेंबर किंवा त्यानंतर संपली पाहिजे. मधल्या काळात नाही. का? कारण मधल्या काळात जमिनीत काहीतरी उभं असतं.

ही तारीख मला फार आवडली. कायदा मालकाला म्हणतोय की जमीन तुझीच आहे, ती तू परत घेऊ शकतोस. पण कधी घ्यायची हे एकट्या तुझ्या सोयीने ठरणार नाही, बियांचंही कॅलेंडर बघावं लागेल.

तर मला सापडलेलं मधलं उत्तर हे. पेरणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळत नाही, दिवसांवर मिळतो. कापणीपर्यंतच्या दिवसांवर. पालक असेल तर ३०, भेंडी असेल तर ९०-१००. आंबा लावून कुणी 'मला फळं येईपर्यंत थांबा' म्हणेल तर ते मान्य करता येणार नाही, कारण तो दिवस मागत नाहीये, जमीनच मागतोय. पण एका हंगामाची मुदत मागणं ही भीक नव्हे, तो न्याय आहे. ज्याने परवानगीने पेरलं, निदान उघडपणे आणि कुणी हरकत न घेता पेरलं, त्याला आपण एवढं तरी देणं लागतो.

*

हे सगळं मी इतक्या आत्मविश्वासाने लिहितेय, पण यातलं काहीही मला गेल्या मे महिन्यात सुचलं नव्हतं.

१ मे ला मी या घरात आले. पहिल्याच रविवारी मागची पट्टी साफ केली, कारण सायकल ठेवायला जागा हवी होती. तिथे गवत होतं, प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या, आणि खिडकीच्या ग्रिलला बांधलेल्या तीन-चार सुतळ्या होत्या. सुतळ्यांच्या खाली वीतभर उंचीचे वेल. मी ते उपटले. गवताबरोबरच, एका झटक्यात. सुतळ्या कात्रीने कापल्या.

मला रोपं ओळखता येत नव्हती, हे खरं आहे. पण सुतळ्या दिसल्या होत्या. सुतळी आपोआप ग्रिलला जाऊन बसत नाही. कुणीतरी ती बांधली होती, वेलाने कुठून कुठे चढावं हे ठरवून बांधली होती. हे मला त्या क्षणी कळत होतं. पण ज्याने बांधली तो गेला होता, आणि आता भाडं मी देत होते.

ऑगस्टमध्ये काकूंनी सहज सांगितलं. माझ्या आधी राहणाऱ्या मुलाने एप्रिलमध्ये दोडका लावला होता. जाताना तो काकूंना सांगून गेला होता की येणाऱ्याला सांगा. काकू त्या आठवड्यात लेकीकडे गेल्या होत्या. जूनमध्ये त्याचा फोन आला: "काकू, वेल चढले का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, पाऊस फार झाला रे, कुजले."

काकू माझ्यासाठी खोटं बोलल्या होत्या. मला ओळखूनही तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

मी नियम कुठला मोडला? एकही नाही. त्याचं अ‍ॅग्रीमेंट संपलं होतं, माझं सुरू झालं होतं. दोडक्याची बाजारातली किंमत काढली तर पाचपन्नास रुपये होतील. मग गेले कित्येक महिने ते का टोचतंय? मी त्याची वस्तू घेतली म्हणून नव्हे. त्याने जे केलं होतं ते घडलंच नाही, अशा थाटात मी वागले म्हणून. पेरणं म्हणजे पुढच्या काही आठवड्यांबद्दल केलेलं एक विधान असतं: 'इथे काहीतरी येणार आहे.' मी ते विधान पूर्ण व्हायच्या आत खोडलं. तेही एकाही माणसाला न विचारता. विचारायला खिडकीपलीकडे चार घरं होती.

*

इथे कुणीतरी म्हणेल, सोड ना. कर्म करावं, फळाची अपेक्षा धरू नये.

मलाही हे सांगण्यात आलंय, पण कोण सांगतं ते बघा. शेतमजुराला बागायतदार सांगतो, इंटर्नला मॅनेजर सांगतो, सुनेला घर सांगतं. फळावर नजर ठेवू नकोस, असं सांगणाऱ्याच्या हातात बरेचदा टोपली असते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून पूर्ण केला. धर्माच्या नावाने आणि कचेऱ्यांच्या मार्फत शेतकऱ्याच्या कष्टाचं फळ इतरांकडे कसं जातं, याचा तो हिशोब आहे. तो हिशोब एकदा वाचला की निष्काम कर्माचा उपदेश ऐकताना आधी उपदेशकाचे हात बघावेसे वाटतात.

मला वाटतं, निष्कामता हा माणसाने स्वतःशी करायचा करार आहे. मी माझ्यापुरतं म्हणू शकते की भेंडी मला नाही मिळाली तरी चालेल. पण तुझी भेंडी तुला नाही मिळाली तरी चालेल, हे मी तुला सांगू शकत नाही. त्या मुलाला दोडक्याची अपेक्षा होती. त्याने जूनमध्ये फोन केला. ती अपेक्षा क्षुद्र नव्हती.

मात्र पेरणाऱ्याचे फक्त हक्क असतात आणि जबाबदाऱ्या नसतात, असंही नाही. रुळांकडच्या भाजीवर वर्षानुवर्षं तक्रार होत आलीय की तिला नाल्याचं पाणी देतात. अनेक ठिकाणी हे खरं आहे. ती भाजी खाणाऱ्याच्या पोटात जाते, त्यामुळे 'मला दुसरं पाणी मिळत नाही' एवढं उत्तर पुरत नाही. पण त्या नाल्यात काय वाहतं? आपल्या बिल्डिंगांमधून सुटलेलं पाणी, कारखान्यांचं पाणी. आपणच खाली सोडलेली घाण वाफ्यातून वर येऊन आपल्या पिशवीत पडते, आणि आपण बोट दाखवतो ते उकिडव्या बसलेल्या माणसाकडे. त्याला नळाची जोडणी नाही आणि पुढच्या वर्षीची खात्री नाही. मातीत आज घातलेलं शेणखत पुढचे हंगाम फळतं. ज्याला पुढचा हंगाम मिळणार की नाही हे माहीत नाही, त्याने मातीची काळजी का घ्यावी? तरीही काही जण घेतात, हे मी गाडीतून बघितलंय: टोपलीतून खत आणून हाताने पसरणारे. पण ते त्यांचं मोठेपण. व्यवस्थेने मोठेपणावर विसंबून राहू नये. दिवस दिले तर माणूस मातीला जपतो, आणि त्याने मातीला जपावं अशी अपेक्षा तेव्हाच करता येते.

याच्या उलट मीही बघायला हवं. मी दहा महिने तो राबिट वेचला तो कुणासाठी? खरं सांगायचं तर माझ्यासाठीच. पण माती मी बरोबर नेऊ शकत नाही. ती इथेच राहील, आली त्यापेक्षा बरी होऊन. आणि मी येताना जी माती हाती लागली, तिच्यात त्या मुलाच्या हातची मातीही असणार.

*

तर मी पेरलं. एका बोटाच्या पेरभर खोल, दोन बियांमध्ये वीतभर अंतर ठेवून, १४ बिया. बी 'परभणी क्रांती'चं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं हे वाण केवडा रोगाला बऱ्यापैकी तोंड देतं. ते संकरित नाही, त्यामुळे याचं बी धरून पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं.

मग तीन कामं केली. सेक्रेटरी काकांना सांगितलं की एप्रिल-मेमध्ये तिथे भेंडी असेल. ते म्हणाले, "असू दे." दुसरं, मालकांच्या मुलीला फोन केला. आम्ही कधी बोललो नव्हतो. मी जरा लांबण लावून सांगितलं, ती ऐकत होती.

"मला भेंडी नाही आवडत हो," ती म्हणाली. "पण आई खाते. पाणी किती दिवसांनी घालायचं?"

तिने 'काढून टाकेन' म्हटलं असतं तरी तिचं चुकलं नसतं. मी तिला विचारलं, तिला उत्तर देता आलं, एवढंच मला हवं होतं. मला मे महिन्यात कुणी असं विचारायला नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. मीच कुणाला विचारलं नव्हतं.

तिसरं काम सगळ्यात अवघड होतं. काकूंकडून त्या मुलाचा नंबर घेतला. काकू म्हणाल्या, "कशाला उकरून काढतेस? विसरला असेल तो." मी तीनदा मेसेज लिहून खोडला. शेवटी एवढंच पाठवलं: मी तुमच्यानंतर त्या घरात राहायला आले. दोडक्याचे वेल पावसाने गेले नाहीत. मी काढले. सुतळ्या दिसल्या होत्या, तरी काढले. सॉरी.

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलेलं नाही. त्याने ते द्यावं असं काही नाही.

सहाव्या दिवशी सकाळी माती फुटलेली दिसली. १४ पैकी ११ उगवल्या, दोन-दोन जाड पानं जोडून. काकू खिडकीत होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, फक्त वाकून मोजल्या.

आता ३१ मार्चला निघताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचा कागद लिहून ठेवलाय. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पाणी, सकाळी विसरलात तरी चालेल. ७ एप्रिलच्या आसपास पहिली भेंडी येईल. बोटाएवढी झाली की एक दिवसाआड तोडत जा, नाहीतर जून होते. शेवटच्या दोन-तीन झाडावरच वाळू द्या. बी धरेल.